जिभेने धुतलेला अंतरपाट

गिरणीच्या धुलाई खात्यात मी मुकादम, पण माझं नाव धुळाप्पा आहे, हे हजेरीच्या बुकाखेरीज फारसं कुणाला आठवत नसे. एखादं कापड अडलं की आरोळी उठायची, "जिभेला बोलवा रे," आणि मी हातातलं काम टाकून जायचो.

हे नाव कसं पडलं ते आधी सांगायला हवं, म्हणजे चिंतामणी मास्तरांच्या मुलीच्या, प्रभाच्या, लग्नात काय झालं त्याचा उलगडा होईल. मागावरून उतरलेलं कोरं कापड कळकट पिवळं असतं. ते पांढरं करायचं तर आधी कॉस्टिक सोड्याच्या भट्टीत उकळायचं, मग ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात मुरवायचं आणि शेवटी तेजाबाच्या अगदी पातळ पाण्यातून काढायचं. सोडा म्हणजे खार, तेजाब म्हणजे ॲसिड, आंबट. दोघंही सुताचे वैरी. सोडा उरला तर कापड पुन्हा पिवळं पडतं. तेजाब उरलं तर त्याहून वाईट, कारण ते वाळता वाळता गुपचूप सूत खातं. कापड दिसतं मोगऱ्यासारखं आणि ओढलं की मोडतं पापडासारखं. पण या दोघांना मापात एकत्र आणलं की दोघांचाही जोर संपतो. आंबट आंबट राहत नाही, खार खार राहत नाही. उरतं थोडं मीठ आणि पुष्कळ पाणी.

आता माप जमलं की नाही हे कळायचं कसं? पिळलेल्या कापडाचा एक थेंब जिभेच्या शेंड्यावर घ्यायचा आणि लगेच थुंकायचा. आंबट लागलं तर तेजाब उरलं. बुळबुळीत लागून चावलं तर सोडा उरला. काहीच लागलं नाही तर कापड झालं. आंबट आणि खार शेंबड्या पोरालाही कळतं. काहीच न लागणं ओळखायला मात्र वर्षं जातात, आणि मी ती घालवली होती. नाल्यात पाणी सोडण्याआधी हौदात चुना कालवून त्याचा आंबटपणा मारायचा, तेही माझ्याच जिभेच्या हुकमाने. माझी जीभ हलल्याशिवाय गिरणीचा नाला वाहत नसे, असं म्हटलं तरी चालेल.

या जिभेसाठी मी फार सोसलं. बारा वर्षं तंबाखू नाही, पान नाही, ठेचा नाही, शेंगाची चटणी नाही. सोलापुरात राहून शेंगाची चटणी न खाणारा माणूस कसा जगला असेल याचा विचार वाचणाऱ्याने करावा. आमची केराबाई चार बायकांत सांगायची, "दुसरीचा नवरा ताडी पितो म्हनून ती रडती, माजा मिरची खात न्हाय म्हनून मी रडते."

अशात मुंबईहून एक तरुण केमिस्ट साहेब आले. त्यांच्या खिशात बोटभर लांब कागदाच्या चिटोऱ्यांची लहान लहान पुस्तकं असत. निळा कागद आंबटात बुडवला की तांबडा होतो, तांबडा कागद खारात बुडवला की निळा होतो. साहेबांनी सगळ्या खात्यासमोर ते करून दाखवलं आणि म्हणाले, "आता कोणी काही चाखायचं नाही."

मला ते लागलं. मी म्हणालो, "सायेब, कागदाला काय कळतंय? त्येनं कदी ताक पिलंय का?"

खातं हसलं. साहेबही हसले. त्यांनी एक पुस्तक माझ्या जागेजवळच्या खिळ्याला अडकवलं आणि म्हणाले, "राहू दे इथं. कधी तुझी जीभ रजेवर गेली तर." वर्षभर ते पुस्तक त्या खिळ्याला लोंबत होतं. मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहायचो.

ही गोष्ट इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला त्याच्या पुढच्या वर्षाची, म्हणजे एकतीस सालची. त्याच वर्षी चाळिशी ओलांडून मी अक्षरं शिकत होतो. पिंपावरची चिठ्ठी वाचता येत नाही म्हणून पिंपातलं चाखून बघणारा माणूस फार दिवस मुकादम राहत नाही, एवढं मला कळलं होतं. चिंतामणी मास्तर आमच्या समोरच राहायचे. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी सकाळी मला आपल्या कट्ट्यावर बसवून पाटीवर बोट धरून गिरवून घ्यायचे. माझी बोटं सोड्याने इतकी राठ झालेली की पेन्सिल हातात आहे की नाही हेच कळायचं नाही. 'ज्ञ' काढताना मी जीभ बाहेर काढायचो. मास्तर म्हणायचे, "धुळाप्पा, ती आत ठेव. ती गिरणीची आहे. इथं हात चालव."

पहिल्या दिवशी मी अंगठा पुढे केला, कारण शाळेत नाव घालायला अंगठा लागतो अशी माझी समजूत. मास्तरांनी तो हळूच खाली केला. म्हणाले, "हा आता फक्त पेन्सिल धरायला." तेव्हापासून मी कुठंही अंगठा द्यायचा नाही असं ठरवलं.

शिकवण्याबद्दल मास्तर काही घेत नसत. गावाकडून आलेलं मेंढीचं तूप दिलं, परत आलं. नवं घोंगडं दिलं, तेही परत आलं. फुकट शिकणं मला दिवसेंदिवस जड जाऊ लागलं. म्हणून वैशाखात प्रभाचं लग्न ठरलं आणि मास्तरांच्या पत्नी अनसूयाबाई कट्ट्यावर अंतरपाट घेऊन आल्या, तेव्हा मी झडप घातल्यासारखा पुढे झालो.

अंतरपाट मास्तरांच्या आजोबांच्या लग्नातला. तेव्हापासून घरातलं प्रत्येक लग्न त्याच्या आडून लागलेलं. म्हाताऱ्याच्या दातासारखा पिवळा झालेला आणि एका कडेला हळदीची चार बोटं उमटलेली.

अनसूयाबाई म्हणाल्या, "मिरजेची माणसं आहेत. मुलगा पोस्टात आहे. असा कळकट पाट मध्ये धरला तर मंगलाष्टकं होईस्तोवर त्यांचं तिकडंच लक्ष राहील."

मास्तर म्हणाले, "राहू दे. ती माझ्या आईची बोटं आहेत. माझ्या लग्नात तिने धरला होता."

"बोटं मनात राहतील की. पाट पांढरा नको?"

मास्तरांनी ती कड आपल्याकडे ओढून घेतली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझी जीभ आंबट-खारट ओळखण्यात हुशार, थांबण्यात नाही. मी म्हणालो, "बाई, रोज मैलभर कापड पांडरं करतो मी. ह्ये वीतभर काय? द्या हिकडं. मोगऱ्यागत करून आनतो."

मास्तरांनी पाट स्वतःच्या हाताने घडी करून माझ्याकडे दिला. एवढंच म्हणाले, "दुसरा नाही हो आमच्याकडे."

एवढ्याशा कापडासाठी गिरणी कशाला, म्हणून मी घरीच सुरुवात केली. परसात चूल पेटवली, तपेलीत पाणी ठेवलं, धुण्याचा सोडा टाकला आणि पाट बुडवला. मी केराबाईला समजावून सांगू लागलो की सोडा आधी मळाला कसा धरतो. ती तपेलीत बघत होती. तिचा चेहरा बदलला म्हणून मीही वाकून बघितलं. हळदीची चारही बोटं लालभडक झाली होती. नुसती लाल नाही, कापल्यासारखी लाल, आणि भोवतीच्या पाण्यात तांबूस धारा सुटत होत्या.

केराबाई म्हणाली, "अवो, ह्ये काय केलंसा? मास्तरांच्या तीन पिढ्यांचं रगात काढलंसा की."

हळद खारात लाल होते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याच घरी हळदीत चुना कालवून ओवाळायचं लाल पाणी करत. पण घरातलं ज्ञान वेगळं आणि खात्यातलं वेगळं, अशी माझी समजूत होती. गिरणीतल्या कापडाला हळद नसते.

परसाच्या भिंतीवरून शेजारच्या शिवम्मा डोकावल्या. त्यांचे मालक मागावर, घरात तेलुगू, आणि आमच्याशी मराठी. म्हणाल्या, "अय्यो धुळाप्पाण्णा, चिंच घाला की. लाल जातंय बघा."

चिंच घातली. लाल गेलं आणि हळद पुन्हा पिवळी झाली, अगदी पहिल्यासारखी. पण चिंचेचा कोळ सगळ्या पाटावर बसला आणि पाट गुळाच्या ढेपेवरच्या फडक्यासारखा दिसू लागला. तो डाग काढायला मी पुन्हा सोडा घातला. हळद पुन्हा लाल. शिवम्मा लिंबू घेऊन आल्या. हळद पिवळी. तेवढ्यात केराबाईने चुलीतली राख टाकली, तिच्या आईची रीत म्हणून. हळद लाल. असं दुपारपर्यंत चाललं. गल्लीतली माणसं गोळा झाली, आणि आता लाल होणार की पिवळा यावर दोन तट पडले. गल्लीच्या टोकाचा भीमा रंगारी विडी ओढत सगळं बघत होता. शेवटी म्हणाला, "मुकादम, कशाला जिवाला तरास? सगळाच लाल रंगवून देतो की. लग्नाचाच हाय."

समोरून अनसूयाबाईंचा आवाज आला. "धुळाप्पा, झाला का हो पांढरा?"

मी तपेलीवर झाकण ठेवलं. "झालाच, बाई. वाळत घालायचा ऱ्हायलाय."

हे माझ्या आयुष्यातलं पहिलं खोटं नव्हे, पण मास्तरांच्या घराकडे तोंड करून बोललेलं पहिलंच. लग्नाला चार दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी पाट धोतराच्या घडीत घालून गिरणीच्या फाटकाशी गेलो. टेबलामागे कमलाकर कारकून बसायचे. तरुण, पण लिहिण्यात असे कडक की स्वतःच्या जांभईचीही नोंद करतील. मी पाट दाखवला.

कमलाकरांनी पुस्तक उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं. म्हणाले, "अडचण आहे, धुळाप्पा. गिरणीत कापूस येतो आणि कापड जातं. कापड येत नाही. येणाऱ्या कापडाला रकानाच नाही."

"मग चिंधी म्हना."

"चिंधी बाहेर जाते. आणि गेली तर चोरी."

"आवो, पन ह्ये तर माजंच हाय."

"तुझं आहे ना? मग आत कशाला आणतोस?"

तसाच घेऊन आत गेलो असतो तर बाहेर पडताना गिरणीचं कापड चोरलं म्हणून मीच धरला गेलो असतो. शेवटी कमलाकरांनीच वाट सांगितली. मॅनेजर साहेबांच्या नावे लेखी अर्ज केला तर ते दोन तासांचा खास पास देऊ शकतील. बाहेर अर्ज लिहून देणारा बसतो, त्याच्याकडून लिहून घेऊन खाली अंगठा दे, असंही म्हणाले.

मी म्हणालो, "कागद द्या हिकडं."

मी फाटकाच्या पायरीवर बसलो आणि आयुष्यातला पहिला अर्ज लिहिला. पाच ओळींना दीड तास लागला. त्या दिवशी माझी अर्ध्या पाळीची हजेरी बुडाली, पण अर्ज मला अजून पाठ आहे. "मेहेरबान मॅनेजर साहेब यांसी. धुळाप्पा, धुलाई खाते, याचा नमस्कार. एक अंतरपाट आत येत आहे तो पांढरा होऊन बाहेर जावा. तो चिंतामणी मास्तरांचा आहे, दुसरा नाही. कळावे." खाली मी सही केली. सही पानाच्या कडेबाहेर जाऊन पायरीवर संपली.

कमलाकरांनी तो कागद उजेडात धरला. मग म्हणाले, "हा 'ज' ओळखीचा आहे. पोटात गाठ मारलेला. मीही चिंतामणी मास्तरांच्याच हाताखाली शिकलो."

स्वतः वर जाऊन पास आणला. दोन ते चार. आणि मग त्यांनी आपला पितळी डबा उघडला, पान काढलं, चुना लावला, कात लावला, सुपारी घातली आणि विडा माझ्यापुढे धरला. "पहिल्या अर्जाचा. नाही म्हणायचं नाही."

गिरणीतल्या कारकुनाने मुकादमाला स्वतःच्या डब्यातला विडा स्वतः लावून देणं ही काय गोष्ट होती, हे आजच्या माणसाला सांगून कळणार नाही. बारा वर्षांचं व्रत मी त्या फाटकाशी मोडलं. कमलाकरांच्या हाताला चुना अंमळ जास्त होता. तोंड भाजलं, पण अभिमानाने मला ते जाणवलं नाही.

आत गेलो. एवढासा तुकडा मोठ्या कापडाबरोबर यंत्रात सोडता येईना, म्हणून घमेल्यात घेतला. ब्लीचिंगच्या पाण्यात घातला आणि बघता बघता चिंच गेली, पिवळेपणा गेला, हळदीची चारही बोटं विरून गेली. पाट असा पांढरा झाला की खात्यातली माणसं बघायला आली. मग तेजाबाचं पाणी दिलं, मग थोडा सोडा, मग धुतला, पिळला आणि थेंब जिभेवर घेतला.

चावला.

म्हटलं, सोडा जास्त झाला. थोडं तेजाबाचं पाणी आणखी दिलं. चाखलं. चावतंच होतं. आणखी दिलं. घड्याळ साडेतीनच्या पुढे गेलं होतं आणि पास चारचा. आणखी थोडं दिलं. शेजारी खिळ्याला साहेबांचं कागदाचं पुस्तक लोंबत होतं. मी त्याच्याकडे पाठ केली. पाचव्या खेपेला जिभेला काहीच लागलं नाही. अगदी पाणी. मी समाधानाने पाट पिळला आणि चारला दोन मिनिटं असताना फाटकाबाहेर पडलो.

काय झालं होतं ते वाचणाऱ्याला कळलं असेल. मला कळायला तीन दिवस लागले. पाटात सोडा नव्हताच. चावत होता तो कमलाकरांच्या विड्यातला चुना, माझ्याच जिभेवरचा. मी पाटात ओतलेल्या तेजाबाने माझं स्वतःचं तोंड धूत होतो.

मास्तरांच्या घरी पाट उलगडला तेव्हा अनसूयाबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रभा म्हणाली, "धुळामामा, हा तोच ना?" लगेच निखाऱ्याची इस्त्री फिरवली गेली. थोडा करपल्यासारखा वास येतोय असं प्रभा म्हणाली, पण लग्नघरात कसले ना कसले वास येतच असतात. मास्तरांनी पाट हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. एका कडेवरून बोट फिरवलं. "छान झाला हो," म्हणाले आणि आत गेले. कट्ट्यावर उभा राहून मला वाटलं, पांढरा करायला सांगितलं अनसूयाबाईंनी, पण पुसली गेली ती मास्तरांच्या आईची बोटं. पण वाटून उपयोग काय? ब्लीचिंगमधून गेलेलं परत येत नाही.

लग्नाच्या दिवशी गल्लीतच मांडव होता. वैशाखातलं ऊन मांडवाच्या कापडातूनही डोक्यावर बसत होतं. भटजींनी घंगाळात घटिकापात्र सोडलं होतं. ती लहान वाटी पाण्यात बुडली की मुहूर्त. मिरजेची मंडळी पुढे बसली होती आणि पाटाकडे खरोखरच बघत होती. मी पानसुपारीच्या तबकाजवळ उभा. तेवढ्यात अनसूयाबाई हळद आणि चुन्याची निवळी कालवलेली वाटी घेऊन बसल्या, आणि त्या लाल गंधाने त्यांनी पाटावर स्वस्तिक काढलं.

स्वस्तिक लाल उमटलं. मग कडेने पिवळं पडू लागलं.

अनसूयाबाईंचा हात थांबला. "अगबाई, हे काय?" जवळच्या बायका कुजबुजल्या. मांडवात ते फक्त मला समजलं. लाल गंध पिवळं पडतं ते एकाच कारणाने. पाटात तेजाब होतं. तीन दिवस होतं. त्यावरून निखाऱ्याची इस्त्री फिरली होती. आतापर्यंत त्याने किती सूत खाल्लं असेल ते देव जाणे. आणि कुणी पाट जरा ताणून धरला की मंगलाष्टकांच्या मध्येच नवरा-नवरी एकमेकांना दिसणार, मिरजेच्या मंडळींसमोर.

गप्प बसलो असतो तर दोष पाटाच्या वयावर गेला असता. सत्तर-ऐंशी वर्षांचं कापड, फाटलं. हा विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला सांगू? मग मी मास्तरांजवळ गेलो.

"मास्तर, पाटात तेजाब ऱ्हायलंय. माजी चूक हाय. पान खाल्लं आन चाखलं."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. घंगाळातली वाटी निम्म्याहून खाली गेली होती. त्यांनी एकच विचारलं, "काही करता येईल?"

"व्हय. मारता येईल त्येला. पन खाल्लेलं सूत परत येनार न्हाय."

"मग जेवढं येईल तेवढं कर."

मी पानसुपारीच्या तबकातली चुन्याची डबी उचलली, लोटीत कालवली आणि निवळू दिली. केराबाईने परात आणली. पाट परातीत पसरून वरून निवळी शिंपडत गेलो. पिवळं स्वस्तिक पुन्हा लाल होऊ लागलं. पण कापडात आत काय चाललंय हे कळायला हवं होतं. सवयीने मी ओलं बोट तोंडाकडे नेलं आणि थांबलो. त्या दिवशी मी जिभेला विचारलं नाही. पूजेच्या तबकातल्या कोरड्या हळदीत अंगठा बुडवला आणि पाटाच्या कडेला दाबला. पिवळाच राहिला. आणखी निवळी. अंगठ्याचा ठसा कडेने लाल झाला, मध्ये पिवळा राहिला. वर साधं पाणी सोडलं. लाल पुढे सरकेना, पिवळं मागे येईना, म्हणजे आंबट आणि खार बरोबरीत आले. तिथं मी हात काढला.

भटजी इतका वेळ बघत होते. म्हणाले, "मास्तर, अंतरपाटाला हा अंगठा कोणाचा लागला?"

मास्तर म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्याचा."

"आणि ओला पाट?"

केराबाई मागून म्हणाली, "सोलापूरचं ऊन हाय, भटजी. तुमी मंतर म्हना, त्यो वाळतोय."

घंगाळात वाटी बुडाली. भटजींनी एक टोक धरलं आणि दुसऱ्या टोकासाठी इकडेतिकडे बघितलं. मी म्हणालो, "हिसका देऊ नका. वरच्या काठाखाली हात घाला, वडू नका."

मास्तर म्हणाले, "तूच धर दुसरं टोक. त्याचं तुलाच कळतंय."

भटजींच्या तोंडावर आठी आली. पण मुहूर्त टळत होता, आणि आठी घालून का होईना मंगलाष्टकं सुरू झाली. मी माणदेशातल्या मेंढरांमागे वाढलेला माणूस, हातात पाट धरून उभा होतो. एका बाजूला प्रभा मान खाली घालून, दुसऱ्या बाजूला पोस्टातला जावई. दोघंही मला दिसत होते, आणि त्यांना एकमेकांखेरीज सगळं. ओलं कापड बोटांवर जड झालं होतं. मध्ये घडीवरून एक धागा सुटला. मग दुसरा. शेवटचं कडवं कधी संपेल असं मला वाटत होतं आणि बायका ते लांबवत होत्या. तिसरा धागा सुटला तेव्हा 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या, ताशा वाजला, आणि भटजींनी नेहमीच्या सवयीने पाट हिसकून उत्तरेकडे ओढला.

अर्धा त्यांच्या हातात गेला. अर्धा माझ्या हातात राहिला. वधूवरांनी माळा घातल्या. त्यांना काही कळलंच नाही.

अनसूयाबाईंचे डोळे भरले. "आता हा कसला शकुन म्हणायचा?"

मास्तर म्हणाले, "लग्न लागल्यावर फाटला ना? मग त्याचं काम झालं."

सोमवारी मी केमिस्ट साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो आणि कागद कसा लावायचा ते पुन्हा दाखवा म्हणालो. त्यांनी विचारलं, "जीभ रजेवर होती वाटतं?" मी म्हणालो, "व्हय सायेब, पान खायला गेलती." त्यानंतर मी कागदच लावायचो. मात्र कुणाचं लक्ष नसताना एकदा चाखूनही बघायचो. कागद कधी चुकला नाही. केराबाईने त्या रात्री शेंगाची चटणी वाढली. बारा वर्षांनी पहिला घास खाल्ला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते फक्त तिखटाचं नव्हतं.

ती गिरणी आता तशी राहिली नाही. कमलाकर बदलून गेले, भीमा रंगाऱ्याचं दुकान गेलं, शिवम्मा भिवंडीला मुलाकडे गेल्या. मास्तर जाऊनही खूप वर्षं झाली. ते गेल्यावर मी त्यांच्या घरी बसायला गेलो होतो. अनसूयाबाईंनी ट्रंक उघडून मास्तरांनी ठेवलेला अर्धा पाट काढला. पुष्कळ पिवळा झाला होता. कडेला माझा अंगठा तसाच होता, बाहेरून लालसर, मध्ये पिवळा. शेजारी, जिथं त्यांच्या आईची चार बोटं असायची, तिथं नुसतं कापड.

अनसूयाबाई म्हणाल्या, "नातीच्या लग्नाला हा काढायचा, म्हणून सांगून गेलेत. धुवायचा नाही म्हणाले."

दुसरा अर्धा माझ्याकडे आहे. मधूनमधून काढतो, एक कोपरा ओला करतो आणि जिभेला लावतो. काहीच लागत नाही. अक्षरं शिकल्यावर मी कुठंही अंगठा दिला नाही. एकदाच दिला, तो त्या पाटावर.